एक ब्रासला एक किलो: साखर पेठेतल्या घराच्या फरशीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आईने शेवटी होकार दिला. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घरातली फरशी आजोबांच्या वेळची, हॉलमध्ये चार ठिकाणी पोकळ वाजते आणि मोरीचा उतार उलटा. गुढीपाडव्याच्या आत काम संपवायचं, ही तिची अट. पाडवा ३० मार्चला आहे.

आज टेप घेऊन मापं घेतली. हॉल १२ बाय १८, म्हणजे २१६ फूट. स्वयंपाकघर १० बाय ९, म्हणजे ९०. न्हाणीघर ७ बाय ५, तळ ३५ फूट. भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल, दार वजा जाता १५० फूट. देवघराच्या ओट्याला आणि मागच्या भिंतीला बायकोला बारीक चौकोनांची मोझॅक हवी आहे, ती १२ फूट. आतलं एकूण ५०३ फूट. अंगण १४ बाय १०, तिथे मात्र शहाबादीच. आई म्हणाली, उन्हाळ्यात गुळगुळीत टाइलवर पाय भाजतो, आणि पावसात घसरून पडायचं तुम्ही की मी?

९ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री येऊन काम बघून गेले. मजुरी ठरली. साहित्याची यादी ते तोंडीच सांगत होते आणि मी लिहीत होतो. सिमेंट, वाळू, चिकटवायचा अ‍ॅडेसिव्ह, टाइलमध्ये सारखं अंतर राखायचे स्पेसर. ग्राउट, म्हणजे टाइलमधल्या फटी (दरजा) भरायची पूड, किती, असं विचारलं तर क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "एक ब्रासला एक किलो. अण्णा, वीस वर्षं हेच करायलोय."

ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. ५०३ फुटांना पाच किलो. कन्ना चौकाकडच्या दुकानातही हेच उत्तर मिळालं. दोघांचं एकमत झालं की मला जास्त शंका येते. कारखान्यात सुताचा व्यापारी आणि मागांवरचा जॉबर एकाच सुरात बोलायला लागले, की मी वजनकाट्याकडे जातो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री जेवणानंतर हिशेबाला बसलो. एक तास डोकं खाजवलं आणि मग हसू आलं, कारण हा हिशेब मी रोज करतो.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये माझं काम टॉवेलच्या सुताचं. इतक्या नगांना ताणा किती, बाणा किती, हे काढताना मी कापडाचं क्षेत्रफळ घेऊन 'फुटाला इतकं सूत' असं म्हणत नाही. इंचात धागे किती, त्यावरून धाग्याची एकूण लांबी काढतो. मग धाग्याची जाडी, म्हणजे काउंट. त्यावरून वजन. वर घट, म्हणजे वाया जाणारं.

फरशीवरच्या दरजा म्हणजे ताणा-बाणाच की. उभ्या दरजा ताणा, आडव्या बाणा. दोन फुटी टाइल खरी ६०० मिलिमीटरची असते. एक चौरस मीटरमध्ये एका दिशेने १००० भागिले ६००, म्हणजे १.६७ मीटर दरज. दुसऱ्या दिशेने तितकीच. एकूण ३.३३ मीटर. दरज २ मिमी रुंद आणि टाइलच्या जाडीइतकी ९ मिमी खोल धरली, तर तिचा काप १८ चौरस मिमी. ३.३३ मीटर गुणिले १८, म्हणजे ६० घनसेंटिमीटर. सिमेंटच्या ग्राउटला लिटरमागे साधारण १.६ किलो धरतात, पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तो घ्यायचा. उत्तर ९६ ग्रॅम.

एका ओळीत मांडायचं तर असं: (लांबी + रुंदी) भागिले (लांबी × रुंदी), गुणिले खोली, गुणिले दरजेची रुंदी, गुणिले १.६. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घातली की उत्तर किलोमध्ये येतं, दर चौरस मीटरला. दरजा जिथे एकमेकींना छेदतात तो चौक दोनदा मोजला जातो, पण तेवढं घटीत गेलं.

आता मिस्त्रींचा आकडा. एक ब्रास म्हणजे ९.२९ चौरस मीटर. ९६ ग्रॅमने ८९२ ग्रॅम, दहा टक्के घट धरली तर ९८१. म्हणजे एक किलोच! वीस वर्षं ते बरोबरच सांगत होते, फक्त दोन बाय दोनच्या टाइलबद्दल.

मग मोझॅकला हात घातला. २५ मिमीचे चौकोन. एका चौरस मीटरमध्ये ४० मीटर उभी दरज, ४० मीटर आडवी. ऐंशी मीटर! ३.३३ कुठे आणि ८० कुठे. जाडी ६ मिमी, दरज २ मिमी, चौरस मीटरला दीड किलोवर ग्राउट. आमच्या १२ फुटांना, म्हणजे १.११५ चौरस मीटरला, १.७१ किलो. मिस्त्रींच्या नियमाने १२० ग्रॅम.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, हे मिस्त्रींना आत्ता नको सांगू, काम सोडून जातील.

१६ फेब्रुवारी, रविवार

खरेदी. वहीतला हिशेब असा होता:

हॉल आणि स्वयंपाकघर, ६०० बाय ६००, ९ मिमी जाड, २ मिमी दरज: २८.४ चौ. मी., २.७३ किलो.
न्हाणीघराची भिंत, ३०० बाय ४५०, ८ मिमी, २ मिमी: १४ चौ. मी., २ किलो.
न्हाणीघराचा तळ, ३०० बाय ३००, ८ मिमी, ३ मिमी: ३.२५ चौ. मी., ०.८३ किलो.
देवघर मोझॅक: १.७१ किलो.

बेरीज ७.२७, घटीसकट आठ. ब्रासच्या नियमाने पाच. तीन किलोचा फरक पैशात फार नाही, पण तो सगळा फरक न्हाणीघर आणि देवघरात साठलाय. तिथे अर्ध्यावर माल संपला असता.

पाकिटं एक-एक किलोची असल्याने रंगवार घ्यावी लागली: हॉल-स्वयंपाकघराला क्रीम तीन, भिंतीला पांढरी तीन, तळाला करडं एक, मोझॅकला दोन. क्रीमचं घटीसकट ३.००३ येत होतं. तीन ग्रॅमसाठी चौथं पाकीट कोण घेणार?

न्हाणीघराला इपॉक्सी ग्राउट घ्या, डाग धरत नाही, असं दुकानदार म्हणत होता. खरं आहे. पण ते दोन-तीन भाग मिसळून ठराविक वेळात भरावं लागतं, आणि उष्णतेत ती वेळ आणखी आखडते. मार्चमधल्या सोलापुरात, पहिल्यांदा हाताळणाऱ्या मिस्त्रींच्या पोऱ्याच्या हातून? नको.

टाइल मोजतानाही एक गंमत झाली. मिस्त्री दोन फुटी टाइल चार फुटांची धरतात, पण ६०० मिमी म्हणजे दोन फूट नव्हे. चार नगांच्या बॉक्समध्ये १६ नाही, १५.५ फूट निघतात. ३०६ फुटांना वीस बॉक्स काठावर पुरतात, कापाकापी धरून बावीस घेतले.

१ मार्च, शनिवार

महाशिवरात्रीनंतर कामाला लागले. हॉलची फरशी बसली. उतार, पातळी, गुण्या (काटकोन) सगळं चोख, मिस्त्रींचा हात खरंच चांगला आहे.

संध्याकाळी टॉर्च लावून दरजा बघितल्या. टाइल दाबताना खालची सिमेंटची स्लरी बऱ्याच ठिकाणी वर आली होती, काही ठिकाणी तर पृष्ठभागाच्या दोन मिमी खालपर्यंत. अशाच ठेवल्या असत्या तर ग्राउट कमी लागलं असतं आणि माझा हिशेब 'जास्तीचा' ठरला असता. पण दोन मिमीचा पापुद्रा टिकत नाही, वर्षभरात सुटून झाडूबरोबर निघून जातो. 'ब्रासला एक किलोच्या आतच भागतं' असं काही जण सांगतात, त्यातलं बरंचसं असं भागत असणार.

पोऱ्याला हॅक्सॉचं ब्लेड दिलं. सिमेंट ओलसर होतं तोवर तो आणि मी रात्री साडेनऊपर्यंत दरजा कोरत बसलो. निदान दोन तृतीयांश खोली मोकळी हवी, एवढंच माप ठेवलं.

४ मार्च, मंगळवार

माल कमी पडला.

स्वयंपाकघरातून सुरुवात केली होती. हॉलच्या शेवटच्या चार ओळींना घमेल्यात काही उरलं नाही. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी टेप काढला, मग खात्रीसाठी स्टीलची पट्टी. हॉलमध्ये दरज २ मिमी. स्वयंपाकघरात ३. स्पेसरचे दोन पुडे आणले होते, त्यातला न्हाणीघराच्या तळासाठीचा ३ मिमीचा पुडा पोऱ्याने स्वयंपाकघरात वापरला. दिसताना फरक कळत नाही, उलट ३ मिमीच बरी दिसते. पण ८.३६ चौरस मीटरला मीटरमागे ९६ ऐवजी १४४ ग्रॅम लागले, म्हणजे चारशे ग्रॅम जास्त. हॉलचे १.९३ आणि स्वयंपाकघराचे १.२०, घट न धरताच ३.१३ किलो. सूत्र चुकलं नव्हतं, त्यात घातलेला एक मिलिमीटर चुकला. कारखान्यात मागाची फणी बदलून कुणी सांगितलं नाही की असंच होतं.

खरं तर चूक माझीच. दोन पुडे एकाच पिशवीत मी ठेवले होते.

५ मार्च, बुधवार

सकाळी क्रीमचं चौथं पाकीट आणलं. कंपनी तीच, नाव तेच, बॅच वेगळी. भरताना ओलं असतं तोवर काही कळलं नाही. दुपारी वाळल्यावर चार ओळी किंचित पिवळट. आईला दिसत नाही. बायकोला दारातूनच दिसलं. फ्रिज हॉलच्या त्या कोपऱ्यात हलवलाय.

पाकीट जास्तीचं आणावं ते यासाठी. न फोडलेलं पाकीट बहुतेक दुकानात परत घेतात, पण संपलेली बॅच पुन्हा मिळत नाही. सगळी पाकिटं मोठ्या घमेल्यात कोरडीच एकत्र करून मग लागेल तसं भिजवणं हा आणखी चांगला उपाय, तो मला उशिरा सुचला.

१० मार्च, सोमवार

न्हाणीघर. इथे मिश्रण मी स्वतः केलं. ४ तारखेला पोऱ्या मग्ग्याने अंदाजाने पाणी ओतत होता, म्हणून स्वयंपाकघरात दोन-तीन ठिकाणी दरज फिकट झाली आहे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. पाणी जास्त झालं की ते उडून जाताना जागा सोडून जातं. आज पाकिटावर लिहिलेलं पाणी बायकोच्या मोजपात्राने घेतलं. आधी पाणी, मग पूड. ढवळून दहा मिनिटं तसंच ठेवलं, पुन्हा ढवळलं. नंतर घट्ट वाटलं तरी वरून पाणी घालायचं नाही. यावरून पोऱ्याशी थोडं वाजलं.

पाणी पिण्याच्या टाकीतलं घेतलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं अशा गावात हे ऐकायला उधळेपणाचं आहे, मान्य. पण आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या काठावर पांढरी कड धरते, आणि तीच कड करड्या दरजांवर उमटली असती. मोजून दोन तांबे पाणी गेलं.

भिंतीला सव्वादोन किलो लागलं, वहीत घटीसकट २.२ होतं. तळाला मात्र किलोचं पाकीट झटकून झटकून पुरवावं लागलं. कारण बोटाने कळलं: सिरॅमिकच्या लहान टाइलच्या कडा किंचित गोलाव्याच्या असतात. खाली दरज ३ मिमी, पण वर तोंडाशी चार. हॉलच्या व्हिट्रिफाइडच्या कडा मशीनवर सरळ घासलेल्या, तिथे असं होत नाही. शिवाय जाळीभोवती उतारासाठी टाइल तिरक्या कापल्या, तिथे प्रत्येक कापाची एक नवी दरज. तळाला दहाऐवजी पंचवीस टक्के घट धरायला हवी होती.

भिंत आणि तळ मिळतात तिथे ग्राउट भरू दिलं नाही. तिथे हालचाल होते आणि चीर जाते, म्हणून सिलिकॉन.

१५ मार्च, शनिवार

देवघर. मिस्त्रींनी मोझॅकला किलोची दोन पाकिटं बघून विचारलं, "एवढं कशाला अण्णा, बारा फूटच तर हाय." मी म्हटलं, भरून बघू.

बारीक चौकोनांवर रबरी थापी तिरकी ओढायची, दरजेच्या रेषेत ओढली की कड आत शिरून भरलेला माल उपसते. पहिलं पाकीट निम्म्या भिंतीत संपलं. मिस्त्री थांबले, भिंतीकडे बघितलं, पाकीट उलटं करून बघितलं, आणि कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "पितंय की हे."

ग्राउट पीत नाही, चौरस मीटरला दरजाच ऐंशी मीटर आहेत, असं मी त्यांना सांगितलं. ताणा-बाणा लगेच कळला. त्यांचे वडील हातमागावर होते. मग त्यांनी स्वतःच मागच्या वर्षीच्या एका कामाची गोष्ट सांगितली, जिथे मोझॅकला तीनदा दुकानात जावं लागलं होतं आणि मालकाने माल चोरल्याचा संशय घेतला होता. ती गोष्ट ते बराच वेळ सांगत होते.

एकूण लागलं १.९ किलो.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. मिस्त्री येणार नव्हतेच. भाचा आणि त्याची टोळी न विचारता आली. न्हाणीघरात हात धुतले. करड्या दरजा वाचल्या, भिंतीच्या पांढऱ्या दरजा तीन ओळींपर्यंत गुलाबी. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं, सीलर लावायचा राहिला होता. पोऱ्या अ‍ॅसिड मारू म्हणत होता. दाराशी उभं राहून अडवलं, अ‍ॅसिड सिमेंटच खातं. साबणाचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश. गुलाबीचं फिकट गुलाबी झालं.

२३ मार्च, रविवार

अंगणाची शहाबादी काल बसली. दगड शहाबादचा, सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरच्या, कलबुर्गी जिल्ह्यातल्या. चुनखडीचा दगड, त्यामुळे इथेही अ‍ॅसिडला बंदी.

इथे सूत्र घाबरत घाबरत वापरलं. कागदावर फरशी ६०० बाय ४५०, जाडी २५, दरज ८. पण कडा हाताने तोडलेल्या. वीस ठिकाणी पट्टी घातली: रुंदी ६ पासून १२ मिमीपर्यंत, सरासरी ९. खोली आगपेटीच्या काडीने मोजली, कारण खालचा माल काही ठिकाणी वर आलेला. सरासरी १८ मिमी. १३ चौरस मीटरला ८.२ लिटर. तयार ग्राउटने भरायचं तर तेरा किलो, आणि इतक्या रुंद दरजेला बारीक पुडीचं ग्राउट आकसून चिरतंच. म्हणून एकास तीन सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळू. ओल्या मालाला कोरडा माल १.३३ पट लागतो, म्हणजे ११ लिटर. त्यात पावणेतीन लिटर सिमेंट, वजनाने चार किलो.

प्रत्यक्षात पाच किलो लागलं. टवके उडालेल्या कोपऱ्यांत एकेक मूठ जाते, ती सरासरीत कुठे धरणार? ऊन चढायच्या आत नऊपर्यंत भरून घेतलं आणि वर ओली पोती टाकली. दुपारी कडक ऊन होतं, पोती दर तासाला भिजवायचं काम आईने आपणहून घेतलं. त्यासाठी बोअरचंच पाणी, शहाबादीला कड दिसली तरी कुणाला काय.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नव्या अंगणात उभी राहिली. साखरेचा हार मुंग्यांनी शोधला, दरजेतून ओळीने येत होत्या. एक फट राहिली आहे, तुळशीपाशी.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी, मिस्त्री सुट्टीवर. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइलचं चायना मोझॅक करायचं आता ठरतंय, उन्हाने वरची खोली तापते म्हणून. ४०० फूट. मिस्त्रींनी या वेळी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "तुम्हीच काढा."

फुटक्या तुकड्यांना लांबी-रुंदी नसते, सूत्र इथे लागू नाही. म्हणून एका जुन्या फळीवर एक फूट बाय एक फूट चौकोन आखला, तुकडे नेहमीसारखे बसवले आणि काल दिवसभर वाळू दिले. आज पांढऱ्या सिमेंटचं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, भरलं, उरलेलं पुन्हा ठेवलं. १७० ग्रॅम. घमेल्याला चिकटलेलं त्यातच धरलं आहे.

४०० फुटांना ६८ किलो. दहा टक्के घट धरून ७५. फळी मिस्त्रींना दाखवायला जिन्यात ठेवली आहे.